उतारावर नेमलेला माणूस

मनुष्य मनुष्याचे काय लागतो, हा नीतिशास्त्रातील जुन्यांत जुना प्रश्न होय. रक्ताचे नाते, जातीचे नाते, गावाचे नाते ही सारी सोडवून बाजूला ठेवली म्हणजे दोन अनोळखी माणसांत जे शिल्लक उरते त्याचे वजन किती, हे ठरविण्यासाठी विचारवंतांनी वेळोवेळी निरनिराळ्या कसोट्या योजल्या. त्यांत एक गोष्ट ध्यानात येते ती अशी, की परस्परांपासून फार दूरच्या देशांत आणि काळांत होऊन गेलेले विचारवंत हा प्रश्न घेऊन पाण्याच्या काठाशी आले. कोणी विहिरीपाशी थांबला, कोणी नदीच्या उताराशी, कोणी तळ्याच्या काठी. आणि प्रत्येकाने तेथे एक बुडणारा आणि एक पाहणारा असे दोघे कल्पिले. पाण्याचीच निवड व्हावी यास कारण आहे. उपासमारीस महिने लागतात, दुखण्यास दिवस लागतात. बुडण्यास मात्र काही मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात सबबी शोधण्यास सवड नसते, आणि म्हणूनच मनुष्याची खरी परीक्षा तेथे होते, असे या मंडळींस वाटले असावे.

मेन्सियस हा चिनी तत्त्वज्ञ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. विहिरीच्या काठाशी गेलेले मूल आता आत पडणार, असे अकस्मात दृष्टीस पडले तर कोणाचेही काळीज चरकेल, असे त्याचे म्हणणे. हे चरकणे मुलाच्या आईबापांची मर्जी संपादावी म्हणून नव्हे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाहवा करावी म्हणूनही नव्हे. ते मनुष्यपणाचेच लक्षण होय. मात्र या भावनेस तो पूर्ण सद्गुण म्हणत नाही, सद्गुणाचा अंकुर म्हणतो. अंकुर वाढवावा लागतो, ही अट त्याने सोबतच घातली आहे.

दुसरा विचारवंत आमच्याच देशात, कलकत्त्यास बसून लिहीत होता. हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७ साली तयार झाला, तो मुख्यत्वे मेकॉलेच्या हातचा. काही न करणे हा गुन्हा केव्हा होतो, याची चर्चा करताना त्याने मसुद्याच्या टिपांत एक उदाहरण घेतले आहे. नदीस पूर आलेला आहे, उतारावरून पलीकडे जाणे जिवावरचे आहे. वाटसरू येतो. काठावरच्या माणसास धोका ठाऊक आहे, तरी तो जाणूनबुजून बोलत नाही, आणि वाटसरू बुडतो. हा खून झाला काय? मेकॉलेच्या मते याचे उत्तर तो काठावरचा माणूस कोण यावर अवलंबून आहे. वाटसरूंना सावध करण्यासाठीच त्यास सरकारने तेथे नेमले असेल, तर तो खून होय. पैसे घेऊन पलीकडे पोहोचविण्याचा करार केलेला तो वाटाड्या असेल, तरीही खून होय. परंतु केवळ माणुसकीखेरीज ज्याच्यावर वाटसरूचा दुसरा कोणताच हक्क नाही असा तो कोणी तिसराच असेल, तर मात्र तो खून नव्हे.

तिसरे उदाहरण अलीकडचे. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात उथळ तळ्यात बुडणारे मूल आणि जवळून जाणारा पुरुष असे चित्र रेखाटले. आत उतरल्यास कपडे चिखलाने भरतील, एवढाच काय तो तोटा. अशा वेळी मुलास बाहेर न काढणारा मनुष्य निंद्य ठरतो. मग दूरदेशी मरणाऱ्या मुलांसाठी काहीच न करणारा कसा सुटतो, असा सिंगर यांचा सवाल आहे. हा निबंध निर्माण झाला तो १९७१ च्या अखेरीस, पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते त्या दिवसांत, आणि त्या निर्वासितांच्याच संदर्भात.

या तिन्ही उदाहरणांवर आजवर जी चर्चा झाली, ती बहुतेक सारी मेकॉलेच्या तिसऱ्या माणसाभोवती फिरते. ज्याचे काही लागत नाही त्यास वाचविणे हे कर्तव्य की केवळ पुण्य? या बाबतीत देशोदेशींचे कायदेही एकमताचे नाहीत. जर्मनी आणि फ्रान्स येथे, स्वतःस धोका नसताना संकटातील माणसास मदत न करणे हा गुन्हा मानला आहे. आमच्याकडे मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेली १८६० ची दंडसंहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तथापि जे करणे कायद्याने बंधनकारक होते ते न केले तरच दोष, हे मूळ सूत्र कायम राहिले. तिसरा माणूस आजही कायद्याच्या दृष्टीने मोकळा आहे. त्याने काय ते आपल्या मनाशी पाहून घ्यावे.

पहिल्या माणसाची चर्चा मात्र फारशी कोणी करीत नाही. त्याचे कर्तव्य इतके उघड आहे, की त्यात तत्त्वचिंतनास वावच नाही अशी समजूत दिसते. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. बुडण्याच्या प्रश्नातील अवघड नीती तिसऱ्या माणसापाशी नसून या पहिल्या, नेमलेल्या माणसापाशी आहे; आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण महाराष्ट्राबाहेर कोठल्या ना कोठल्या सरकारी नेमणुकीवर असल्याने हा माणूस त्यांच्या ओळखीचा आहे.

प्रथम बुडण्याच्या वास्तवाकडे पाहू. तत्त्वज्ञांच्या चित्रात बुडणारा मनुष्य हात वर करतो, हाका मारतो, आणि काठावरचा ते पाहतो. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरील चित्रफितींवरून दाखवून दिले, की खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असते. जो क्षण मिळतो त्यात श्वासच कसाबसा घेता येतो, मग हाक कशी मारणार? हात वर करून खुणावणेही साधत नाही, कारण ते दोन्ही बाजूंस पसरून पाणी दाबण्यात गुंतलेले असतात. ही धडपड विसाएक सेकंदांपासून मिनिटभर चालते आणि मग तो दिसेनासा होतो. दहा हातांवर उभ्या असलेल्या माणसास वाटते, की पोरगा खेळतो आहे.

काठावरच्याने ओळखले, तरी प्रश्न सुटत नाही. भावाच्या मागे भाऊ, लेकराच्या मागे बाप पाण्यात उडी घेतो आणि वाचवावयास गेलेलाच प्राणास मुकतो, अशा बातम्या दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात. घाबरलेला मनुष्य ज्यास धरील त्यासच आधार समजून खाली दाबतो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण त्या काडीचे पुढे काय होते ते म्हण सांगत नाही. म्हणून जीवरक्षणाचे शास्त्र शिकविणारे उडी घेणे ही अखेरची पायरी समजतात. आधी काठावरून काठी, दोर किंवा धोतराचा पदर पोहोचवावा. न पोहोचल्यास तरंगणारी वस्तू, मग तो रिकामा डबा का असेना, फेकावी. मग होडी न्यावी. आणि ज्याला त्याचे शिक्षण मिळाले आहे त्यानेच पाण्यात उतरावे. ही शिकवण हृदयशून्य नव्हे. मेन्सियसचा अंकुर वाढविणे म्हणतात ते हेच. दया स्वाभाविक असते, पण दयेचे कसब शिकावे लागते.

ही गोष्ट युरोपातील लोक फार पूर्वी शिकले, तीही सहजासहजी नव्हे. ॲमस्टरडॅम हे कालव्यांचे शहर. तेथे १७६७ साली नागरिकांनी बुडालेल्यांस वाचविण्यासाठी मंडळी स्थापिली. लंडनमध्ये विल्यम हॉज नावाच्या वैद्याने पाण्यातून काढलेला देह वेळेत आपल्याकडे आणणाऱ्यास पदरचे पैसे देण्याचा परिपाठ ठेवला, आणि त्यातूनच थॉमस कोगन याच्या सहकार्याने १७७४ साली तेथील संस्था निघाली. निपचित देह म्हणजे मृत देहच, ही समजूत मोडावयास बक्षीस लावावे लागले! त्या काळी तंबाखूचा धूर शरीरात सोडण्यासारखे उपायही चालत. तोंडाने श्वास देण्याची पद्धत तेव्हाही ठाऊक होती, मग ती मागे पडली. जेम्स एलम आणि पीटर सफर यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रयोगांनी तिचे श्रेष्ठत्व सिद्ध केल्यावर ती पुन्हा आली, आणि १९६० साली छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत तिला येऊन मिळाली. आज सांगणे असे आहे, की बुडालेल्याचा श्वास बंद असेल तर शिकलेल्या माणसाने प्रथम श्वास द्यावा, मग छाती दाबावी. पोट दाबून अथवा उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ दवडू नये, कारण त्याने ओकारी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. आमच्या खेड्यापाड्यांतून मात्र अद्याप उलटे टांगण्याची चाल दिसते. तेथे दया कमी नसते. ती दया शिकविणारा कोणी गेलेला नसतो.

आता आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतील मुलांचा होता, आणि दहांतील नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडले. महापुरातील आणि जलप्रवासातील मृत्यू या गणनेत बहुधा येत नाहीत, म्हणजे खरा आकडा याहून मोठाच. आमच्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबी २०२२ या एका वर्षात ३८ हजारांहून अधिक लोक बुडाले.

या लहान मुलांचे बुडणे कसे घडते, याचा सर्वांत बारकाईने शोध घेतला गेला तो बांगलादेशात. सिंगर यांच्या निबंधास ज्या बंगालचे संकट निमित्त झाले, त्याच बंगालमध्ये तळे ही कल्पना नसून घराच्या परसात आहे. माती काढून जोते उंच करावयाचे आणि खड्ड्यात पाणी साठवावयाचे, ही तेथील घरबांधणीची रीतच. संशोधकांस असे आढळले, की मुले बहुतकरून सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, घरापासून काही पावलांवर बुडतात. त्या वेळी बाप शेतावर, थोरली भावंडे शाळेत आणि आई चुलीपाशी असते. तेथे चांगले किंवा वाईट, कोणतेच अंतःकरण काठावर उभे नसते. मूल पाण्यात जाताना ते पाहावयास कोणी नसते, म्हणूनच ते बुडते.

येथे आम्हांस वाटते, की तत्त्वज्ञांचे चित्र एका ठिकाणी उणे पडते. त्यांनी पाहणारा माणूस गृहीत धरला आणि मग त्याने काय करावे हे विचारले. परंतु बुडण्याच्या प्रश्नाचे मूळ पाहणारा नसण्यात आहे. मेन्सियसचे काळीज चरकते ते मूल दृष्टीस पडल्यावर. न दिसलेल्या मुलासाठी काळीज चरकत नाही. तेव्हा ज्यास जागृत अंतःकरण म्हणतात ते सहज उचंबळून येणारे नव्हे. कोठले मूल केव्हा पाहणाऱ्यावाचून राहील याचा आधी हिशेब करून तेथे पाहणारा ठेवणारे जे अंतःकरण, ते होय. तिसऱ्या माणसाच्या सदाचाराने हे काम भागत नाही. त्यास पहिलाच माणूस, नेमलेला माणूस हवा.

बांगलादेशात उपाय निघाला तो अगदी साधा. गावातील एक बाई, तिला मदतनीस, एक खोली, वीसपंचवीस मुले आणि सकाळचे चार तास. या पाळणाघरास तेथे ‘आँचल’ म्हणतात. जोडीला थोरल्या मुलांस गावच्याच तळ्यात बांबूचे कठडे उभारून पोहणे शिकविले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाळणाघरांत येणाऱ्या मुलांत बुडून होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. पुढे २०२२ मध्ये तेथील सरकारने सोळा जिल्ह्यांत अशी आठ हजार केंद्रे काढण्याची योजना मंजूर केली. याच बांगलादेशाने आयर्लंडसह मांडलेल्या ठरावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरविला. आमच्याकडे सुंदरबनातही याच धर्तीची बालसंगोपन केंद्रे चालविण्याचा उपक्रम झाला, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये या विषयाचा धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक उभे आहेत; मेकॉलेने उतारावर कल्पिलेला माणूस तेथे अक्षरशः वाळूवर नेमलेला दिसतो.

मग अडते कोठे? आमच्या मते अडते ते अशा ठिकाणी, की जो बुडाला त्यास नाव असते, आणि जो बुडण्यापासून वाचला त्यास नाव नसते. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली हा भेद स्पष्ट करून सांगितला. एखाद्या ठरावीक मुलीचा प्राण वाचविण्यासाठी लोक पैशांचा पाऊस पाडतात. परंतु रुग्णालयांची दुरवस्था होऊन काही अनामिक प्राण जातील म्हटले, तर कोणी खिशात हात घालीत नाही. याचे प्रत्यंतर आम्हीही पाहिले आहे. २००६ च्या जुलैत हरियाणातील एक पाच वर्षांचा मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला. सैन्य आले, शेजारून दुसरा खड्डा खणला, सारा देश दूरचित्रवाणीपुढे बसून राहिला, आणि दोन दिवसांनी मुलगा सुखरूप वर आला. ते योग्यच झाले. परंतु त्या कूपनलिकेच्या तोंडावर एक झाकण बसविण्याचा खर्च केवढा होता? सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कूपनलिकांभोवती कुंपण, तोंडावर झाकण, टाकून दिलेल्या नलिका बुजविणे, असे निर्देश दिले आणि देखरेखीचे काम जिल्हाधिकाऱ्यांपासून सरपंचांपर्यंत नावनिशीवार वाटून दिले. त्यानंतरही मुले पडत राहिली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आमची खोड आम्हांस ठाऊक होती. मूल पडल्यावर झाकण शोधण्याची ही दुसरी.

कचेरीतील अनुभव याहून निराळा नाही. मृत्यू घडला म्हणजे पंचनामा होतो, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, काही राज्यांत सानुग्रह मदत मंजूर होते. कारण कागदावर नाव आहे, वारस आहेत, त्यासाठी लेखाशीर्षही आहे. घाटाच्या पायऱ्यांस साखळी लावण्याच्या प्रस्तावावर मात्र ‘निधीच्या उपलब्धतेनुसार विचार व्हावा’ एवढाच शेरा पडतो. उडी घेऊन प्राण वाचविणाऱ्यास १९६१ सालापासून जीवनरक्षा पदक आहे, आणि ते असलेच पाहिजे. ज्याने साखळी लावली त्यास पदक देता येणार नाही, कारण त्याने कोणास वाचविले हे त्यासही माहीत नसते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. देशात नद्या, ओढे, विहिरी, शेततळी असंख्य. सर्वांस कुंपण घालावयाचे म्हटल्यास तिजोरी पुरणार नाही. शिवाय पाणी हा काही विषाचा डबा नव्हे, की त्याला कुलूप लावावे. लोकांस तेथे धुणे धुवावयाचे आहे, गुरे पाजावयाची आहेत, मासे धरावयाचे आहेत, मूर्ती विसर्जित करावयाच्या आहेत. हे सर्व खरे आहे. म्हणूनच नेमलेल्या माणसाचे कर्तव्य सरसकट मनाईने पुरे होत नाही. ‘पोहण्यास मनाई आहे’ अशी पाटी सर्वत्र आढळते. त्यांतील काही पाट्या माणूस वाचावा म्हणून लावलेल्या असतात आणि काही कचेरी वाचावी म्हणून. दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. पहिली पाटी तेथील लोकांच्या भाषेत असते, डोह नेमका कोठे आहे हे दाखविते, आणि तिच्याजवळ दोर टांगलेला असतो. दुसरी पाटी फक्त चौकशीच्या वेळी छायाचित्र काढण्यास उपयोगी पडते.

दुसरा एक आक्षेप आमच्या समाजात खोलवर रुजलेला आहे. अमुक डोहात साती आसरा आहेत, त्या दरसाल एकाला ओढतात, असे आमच्या लहानपणी सांगत असत. त्या भयाने मुले डोहापासून दूर राहत, हा त्याचा एक उपयोग होता हे नाकारता येत नाही. पण आसरांनी ओढले म्हणणे, नशिबात होते म्हणणे आणि अहवालात ‘दैवी आपत्ती’ असे लिहिणे, ही एकाच मनोवृत्तीची तीन रूपे होत. जेथे दरसाल एक बळी जातो तेथे दैवाचा नव्हे, सवयीचा अंमल असतो. दरसाल घडणारी गोष्ट आधी कळू शकते, आणि जी आधी कळू शकते तिची जबाबदारी कोणाची तरी असते.

जून २०१४ मध्ये हैदराबादहून सहलीस गेलेले चोवीस विद्यार्थी हिमाचलमधील बियास नदीच्या पात्रात उतरले असता धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. पुढे उच्च न्यायालयाने हलगर्जीपणा झाल्याचे मानून भरपाईचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि पुष्कळांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. पहिल्या घटनेत उतारावर नेमलेला माणूस आहे, दुसऱ्या घटनेत मेकॉलेचा कराराने बांधलेला वाटाड्या आहे, आणि त्या वाटाड्यावर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेलाही कोणी आहेच. आपण कोणास बुडविण्याचे मनात आणले, असे यांतील कोणासही म्हणता येणार नाही. मेकॉलेचा माणूस जाणूनबुजून गप्प राहिला होता. आजचा माणूस जाणून न घेतल्यामुळे गप्प राहतो. कायदा या दोहोंत भेद करतो आणि त्याने तो करावाही. परंतु ज्याचे कामच जाणून घेणे हे आहे, त्याच्या अज्ञानास नीतीच्या दरबारात किती सूट द्यावी? आमच्या मते फार थोडी.

या कर्तव्यास आमच्या परंपरेत एक नाव आहे. फळाची आशा न धरता कर्म करावे, ही गीतेची शिकवण आमच्यातील पुष्कळांनी ‘गीतारहस्या’च्या द्वारे आत्मसात केली. इतर कर्मांत फळ दिसत असते आणि मनुष्याने त्याची आसक्ती सोडावयाची असते. प्रतिबंधाच्या कर्मात फळ दिसतच नाही. न घडलेला अपघात कोणी पाहिला आहे? त्यातून नेमणूक तीन वर्षांची. पाळणाघर जम धरीपर्यंत बदलीचा हुकूम येतो. श्रेय पुढच्या अधिकाऱ्यास, आणि तेही सहसा मिळत नाही. इतके शुद्ध निष्काम कर्म सरकारी चाकरीत दुसरे क्वचितच सापडेल. मात्र येथे एक गल्लत होऊ देता कामा नये. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे हिशेब सोडणे नव्हे. कठडा बांधल्यावर बुडणाऱ्यांची संख्या घटली की नाही, हे मोजलेच पाहिजे; नाहीतर निष्कामपणाच्या नावाखाली निरुपयोगी कठडेही बांधले जातील. आँचलची योजना पसरली ती तिच्यामागील करुणेमुळे जितकी, तितकीच कोणीतरी वर्षानुवर्षे गावोगावची बुडालेली आणि न बुडालेली मुले मोजल्यामुळे. पाहणाऱ्यावाचून राहणारे मूल दिसण्याचा मोजणी हाच एक मार्ग आहे. आकड्यांना हृदय नसते म्हणतात. या एका कामात तरी हृदयास डोळे आकड्यांनीच मिळतात.

शेवटी, परप्रांती राहणाऱ्या आमच्या बांधवांविषयी दोन शब्द. ज्या जिल्ह्यात नेमणूक झाली तेथील नदी आपल्या ओळखीची नसते, तिचे भोवरे, तिचे गाळाचे तळ, तिची पुराची वेळ तेथल्या नावाड्यास आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बायांस ठाऊक असते. त्यांस विचारण्यास भाषेची अडचण पडते, आणि ती अडचण ओलांडणे हा कर्तव्याचाच भाग होय. या लोकांचे आपण रक्ताने, भाषेने, गावाने काहीच लागत नाही. मेकॉलेच्या हिशेबी, नेमणूक नसती तर आपण तिसरे माणूस ठरलो असतो, ज्याच्यावर माणुसकीखेरीज वाटसरूचा दुसरा हक्क नाही. नेमणुकीच्या कागदाने हे पालटले. परक्याचा आपल्यावर हक्क निर्माण करणारा तो कागद आहे. पगार, बंगला आणि बदली यांच्या तपशिलात हे बहुधा विसरले जाते, की त्या कागदाने आपल्याला काही लाख माणसांचे नातलग करून ठेवले आहे.

मनुष्य मनुष्याचे काय लागतो, हा प्रश्न तत्त्वज्ञ आणखी काही शतके चर्चितील. नेमलेल्या माणसापुरते त्याचे उत्तर देता येते. पावसाळा ठरल्या वेळी येईल, नदी ठरल्या ठिकाणी चढेल, आणि पलीकडे जावयाचा असलेला कोणीतरी काठाशी येईल. तो येण्यापूर्वी तेथे दोर, कठडा आणि सावध करणारा माणूस असावा, एवढेच त्याचे आपल्याकडे लागते. आणि तो सुखरूप पलीकडे गेल्यावर आपणांस कधीच ओळखणार नाही, हे धरूनच ते द्यावयाचे असते.